बोरीची न मिटणारी तक्रार

माझा धंदा कळला की लोक खिशातून मोबाईल काढतात. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, कुठेही. मागे एका तेराव्याला गेलो होतो. ज्याचा बाप वारला होता त्यानेच मला बाजूला घेऊन विचारलं, "मामा, आमच्याकडं वायफाय सारखं तुटायलंय. जाता जाता जरासक बघता का?" मी बघितलं. मुंडन केलेल्या डोक्याने तो शेजारी उभा राहिला आणि मोबाईलवर सिग्नलच्या काड्या भरल्या तेव्हा दहा-बारा दिवसांत पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. माणूस दुःख सोसतो, पण त्यात नेट गेलेलं सोसत नाही.

तीस वर्षं मी टेलिफोनच्या खांबांवर चढलो. मग लोकांनी घरातले फोन काढून टाकले, खांब तसेच उभे राहिले आणि मी घरी बसलो. घरी बसवेना म्हणून जिंतूरच्या एका केबलवाल्याकडे गेलो. आता त्याच्या वतीने तालुक्यातल्या गावांत आणि अधूनमधून मानवतपर्यंत वायफाय दुरुस्त करत फिरतो. मालक माझ्या मुलाच्या वयाचा आहे. तोही मला मामाच म्हणतो. त्यामुळे त्याला माझ्यावर रागावता येत नाही आणि मला त्याला सोडून जाता येत नाही.

परक्या माणसाला कळावं म्हणून कामाचं थोडं सांगतो. तुमच्या घरात केसासारख्या काचेच्या तारेतून नेट येतं आणि ती तार एका खोक्यात शिरते. खोक्यापासून तुमच्या मोबाईलपर्यंत तार नसते, नुसती हवा असते. तारेची जबाबदारी माझी, हवेची कुणाचीच नाही, आणि सगळी भांडणं त्या हवेतच होतात. मधे जाड भिंत आली, पत्रा आला, फ्रिज आला की काड्या कमी. दोष शोधायची रीत सोपी आहे. खोक्याजवळ उभं राहून बघायचं. तिथे चाललं आणि आतल्या खोलीत चालेना, तर दोष घराचा. तिथेही चालेना, तर तारेचा नाहीतर खोक्याचा. सगळ्यांचं चालतं आणि एकाचंच चालत नाही, तर दोष त्या मोबाईलचा. त्याला सांगायचं की हे वायफाय विसर, आणि पासवर्ड टाकून नव्याने ओळख करून द्यायची. मोबाईल रुसतात. पुन्हा ओळख करून दिली की मुकाट बोलायला लागतात. आणि या सगळ्याच्या आधी खोकं बंद करून चालू करायचं. ही आमची खरी विद्या. ती मी इथे छापून टाकली हे मालकाने वाचू नये म्हणजे झालं.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. मानवतला एका आडत दुकानात सकाळी नेट चालायचं, दुपारी बंद. रोज. तार बदलली, खोकं बदललं, काही उपयोग नाही. शेवटी एकदा दुपारपर्यंत तिथेच ठाण मांडून बसलो. बरोबर बारा वाजता शेठजी उठले, खोकं उचललं, लोखंडी कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. मी विचारलं, "हे कामून?" ते म्हणाले, "हमाल लोक जेवायच्या सुट्टीत फुकटचं बघत बसतात हो. म्हणून आत ठुतो." पण तार काढली नव्हती, ती कपाटाच्या फटीतून बाहेर लोंबत होती. मी म्हटलं, शेठ, हमालांचं बंद झालं ते बरोबरच झालं, पण तुमचंही त्याच कपाटात गेलं की. शेठजींनी कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्याच्यात फक्त आपल्यापुरतं यायची सोय न्हाई का?" ती सोय होती. पासवर्ड बदलून दिला. दुसऱ्या महिन्यात तो हमालांना माहीत झाला, कारण शेठजींना स्वतःला तो लक्षात राहत नव्हता म्हणून त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता.

जिंतूरला एका शिंपीदादांच्या घरी खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शिलाईयंत्र, कात्री, इस्त्री असं सगळं धुऊनपुसून मांडलं होतं आणि त्यांच्या रांगेत आमचं खोकं. वहिनींनी त्यालाही ओल्या फडक्याने पुसलं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूची माळ घातली होती आणि वरून नवा खण पांघरला होता. हवा जायच्या बारीक भोकांत कुंकू गच्च बसलेलं. खोकं तापून बंद पडलेलं. वहिनींना मनापासून वाईट वाटलं. म्हणाल्या, "एवढं मानलं त्याला, तरी असं केलं बघा." मी ब्रशने कुंकू काढलं आणि सांगितलं की पुढच्या वर्षी लांबूनच नमस्कार करा. पण खरं सांगू का, मला आत कुठेतरी बरं वाटलं. मी खांबावर चढायचो त्या काळात आमच्या तारेला कुणी फूल वाहिलं नव्हतं.

हे झालं हसण्यावारी. मी लिहायला बसलो ते बोरीच्या तक्रारीसाठी. ती आठवली की अजून स्वतःचा राग येतो.

बोरीत शेवटच्या गल्लीत भामाबाई राहतात. वय पन्नाशीच्या पुढं. घरची मेंढरं-शेळ्या. दिवाळी झाली की नवरा आणि मुलगा मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे चराईला जातात, ते उन्हाळा लागला की परत. शेळ्या आणि दोन एकराचा तुकडा भामाबाई सांभाळतात. त्या गल्लीत मोबाईलचं नेट नावालाच येतं, म्हणून मुलाने जाण्याआधी आमचं वायफाय बसवून घेतलं. एवढ्याशा घरात कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

पंधरवड्याने पहिली तक्रार आली. मी गेलो. भामाबाई दारात बसलेल्या, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. शेळीच्या मागे धावताना ओट्यावरून पडल्या होत्या. मी विचारलं, काय होतंय?

"ल्योक म्हणला होता तोंड दिसंल, सगळं दिसंल. पर लेकीला माजे हात दिसंनात, भाऊ."

"हात?"

"हात. धूर झाल्यावानी दिसायलेत म्हणती."

त्यांनी मोबाईल पदराने पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला, जसा पाहुण्याला पाण्याचा तांब्या देतात तसा. मी खोक्याजवळ बघितलं, उत्तम. दाराशी येऊन बघितलं, काड्या एक कमी, पण चालतंय. एक गाणं लावलं, ते न अडखळता वाजलं. खोकं बंद करून चालू केलं आणि म्हटलं, झालं.

आमच्यात तक्रार मिटवायची एक रीत आहे. काम झालं की गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर चार आकडे येतात. ते त्याने आम्हाला सांगायचे, आम्ही आमच्या मोबाईलवर टाकायचे, की 'तक्रार मिटली' अशी हिरवी अक्षरं येतात. गिऱ्हाईकाचं समाधान झालं याचा तो पुरावा. भामाबाईंना वाचता येत नव्हतं. मोबाईल माझ्याच हातात होता. आकडे मीच वाचले आणि मीच टाकले. हिरवी अक्षरं आली.

आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा मोबाईल पुसून माझ्या हातात, पुन्हा गाणं वाजलं, पुन्हा आकडे मीच टाकले. या वेळी भामाबाई म्हणाल्या, "तुमी आल्यावर चालतंय हो. तुमी गेले की बेजार करतंय." असं वाक्य या धंद्यात रोज ऐकू येतं. मी हसलो.

तिसऱ्या वेळी मात्र मी चिडून गेलो. दुपार उलटून गेली होती, त्याआधी दोन घरी भांडण झालं होतं. मोबाईल हातात घेतला तर तो चालत होता. मी म्हणालो, "बाई, नेटला काही झालेलं नाही. तुमचा मोबाईल जुना झालाय. नवा घ्या." असं म्हणायला आम्हाला सोपं जातं. त्याने तक्रार तरी थांबते. भामाबाईंनी नुसती मान हलवली. आकडे मी टाकले.

चौथी तक्रार आली तेव्हा मालकाने मला समोर बसवून विचारलं, "मामा, बोरीचं तीनदा मिटलं म्हणून दिसायलंय, अन् चौथ्यांदा उघडलंय. भानगड काय हाय?" मी तडक उठून निघालो.

त्या दिवशी मी न कळवता गेलो, आणि तेच बरं झालं. संध्याकाळची चार-साडेचारची वेळ असेल. दारातून उजेड आत पडला होता आणि त्या उजेडात भामाबाई पाय पसरून बसल्या होत्या. तोंडाने एक शब्द नाही. दोन्ही हात मात्र भराभर चालले होते. बोटं कपाळाला, छातीला, मग हवेत गोल, मग मूठ. मी उंबऱ्यावरच थबकलो. चार वेळा त्या घरी आलो होतो आणि त्यांची लेक मुकी-बहिरी आहे हे मला माहीतच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

आता हे नीट समजून घ्या. तुमचं-माझं नेट अडकलं तर आपण चित्र बंद करतो आणि साधा फोन लावतो. आवाज पुरतो आपल्याला. या मायलेकींना आवाज नव्हताच. लेकीला, मंगलला, अक्षरं जेमतेम येत होती आणि आईला तेवढीही नाही. मंगल लहान असल्यापासून दोघींनी घरातल्या घरात हाताची एक भाषा तयार केली होती. कुठल्या शाळेतली नाही, यांच्याच घरची. खांद्यावर काठी म्हणजे बाप. तळहात आडवा म्हणजे थांब, मेंढरं थांबवतात तसा. ती भाषा जगात दोनच माणसांना पुरती येत होती. एक बोरीला आणि एक पुण्याला. मधे माझं नेट.

आणि मोबाईल कुठे होता? पायलीत. धान्य मोजायची लोखंडी पायली. तीत खाली जरा ज्वारी घालून मोबाईल उभा खोचलेला आणि त्याची पाठ पत्र्याच्या कोठीला टेकवलेली. कोठी पुरुषभर उंच, सोयाबीनने भरलेली. खोकं मधल्या खोलीत, कोठीच्या बरोबर मागे. भामाबाई दुसरं काय करणार? त्यांना बोलायला दोन्ही हात लागत होते.

मी पुढे होऊन मोबाईल पायलीतून उचलला. बघता बघता चित्र स्वच्छ झालं. पोट पुढे आलेली, गोल चेहऱ्याची एक मुलगी डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागली. पुन्हा पायलीत ठेवला, चित्राचं पीठ झालं. पुन्हा उचलला, स्वच्छ. दर वेळी मी आलो की भामाबाई मोबाईल काढून, पुसून माझ्या हातात देत होत्या. माझ्या हातात तो चालणारच होता. पत्र्याच्या कोंडीत बसवलेला मोबाईल मी कधी बघितलाच नव्हता. खोक्याचा आवाज, म्हणजे सिग्नल, मोठा असतो, तो कसाबसा आत पोचतो. मोबाईलचा आवाज बारीक. पायलीतून त्याचं बोलणं बाहेर येईना. म्हणून आईला लेक अर्धीमुर्धी तरी दिसायची, लेकीला आईच्या जागी नुसता धूर.

भामाबाईंनी हातानेच मंगलला थांबायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "नवा घेतला तरी तसंच व्हायलंय, भाऊ. म्या तुमचं ऐकलं."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. मोबाईल कोरा करकरीत होता.

"कधी घेतला?"

"तुमी सांगितलं त्याच्या दुसऱ्या बाजारी. शेजारणीच्या हाती एक शेळी इकायला दिली. दुभती व्हती."

मी खाली बसलो. तीस वर्षांत खांबावरून दोनदा पडलो, पण इतकं लागलं नव्हतं. मला वाटलं त्या बोलतील, रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "आता कळलं का तुमाला काय हाय ते?" मी हो म्हणालो. "मंग बरं झालं," म्हणाल्या आणि शेजारणीला चहा टाकायला हाक मारली. त्या एका शब्दाने जरी टोचल्या असत्या तरी मला सोपं गेलं असतं.

चहा पिता पिता बाकीचं कळलं. मंगलचा नवराही बोलत-ऐकत नाही. तो पुण्याला पॅकिंगच्या कारखान्यात आहे, माणूस चांगला. मंगलचं पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे ते माहेरी व्हायचं, सातव्यात तिला आणायचंही ठरलं होतं. तेवढ्यात भामाबाईंचा पाय मोडला. सासू हयात नाही. मग तिकडच्याच दवाखान्यात नाव घातलं. पण तिथे मंगलला कुणी काय सांगणार आणि ती कुणाला काय सांगणार?

"नवऱ्याला आत घेत न्हाईत. सिस्टरबाईला हिचं कळत न्हाई. लय भेती ती," भामाबाई म्हणाल्या. "कान न्हाईत लेकराला. अंधारात न्हेल्यावानी व्हईल. निदान माजे हात तरी तिला दिसले पायजेत."

एवढ्यासाठी बाई चार वेळा तक्रार करत होती. आणि मी चौथ्यांदाही गाणंच लावून बघणार होतो.

दुसऱ्या दिवशी सुताराकडून फळकुटाची एक घडवंची करून नेली, तिला मोबाईल टेकवायला खाच ठेवली. लोखंडाचा एक खिळाही लावू दिला नाही, नुसता डिंक. एवढ्या खिळ्याने काही बिघडत नसतं हे मला ठाऊक आहे, पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. भामाबाईंना दारातून हलवता येत नव्हतं, कारण हातावर उजेड तिथेच पडत होता. मग खोकं हलवलं. कोठीच्या मागून काढून मधल्या दाराच्या चौकटीवर वर टांगलं, म्हणजे खोक्यापासून घडवंचीपर्यंत मधे काही नाही. मंगलला फोन लावला. तिने आईचे हात बघितले आणि दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा झाकून घेतला. खूप वेळ काढलाच नाही. भामाबाईही गप्प बसल्या, म्हणजे त्यांचे हात गप्प बसले.

आकडे आले. मी मोबाईल त्यांच्याकडे धरला आणि एकेक आकडा बोट ठेवून वाचून दाखवला. म्हटलं, "तुमचं समाधान झालं असलं तरच टाकतो." त्या म्हणाल्या, "आता नका टाकू. लेकरू होऊ द्या."

म्हणून ती तक्रार उघडीच ठेवली. मालकाच्या यादीत ती रोज लाल दिसायची. त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

मग रोज कामावर निघताना मी वळसा घालून बोरीवरून जायला लागलो. काम काही नसायचं. चार-सहा खुणा मलाही कळायला लागल्या. भाकरी, पाणी, नवरा, दुखतंय. मंगल मला ओळखायला लागली. माझ्यासाठी तिने एक खूण ठरवली होती, दोन बोटं डोक्यावर शिंगांसारखी उभी. मला वाटलं बोकड. भामाबाईंनी सांगितलं, ते आपल्या खोक्यावरच्या दोन उभ्या दांड्या हायेत म्हणं. भामाबाई हसल्या की हसण्याचाही आवाज करत नसत. लेकीबरोबर राहून ती सवय लागली असावी.

मग एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला शेजारणीचा फोन आला. "भामावैनी म्हणायल्यात या म्हणून. मंगलला दवाखान्यात न्हेलंय."

मी गाडी काढली. जाताच पहिलं काम केलं ते लाईटचं. लाईट जाणार हे धरूनच चालायचं, हा आमच्या भागातला पहिला धडा. काचेच्या तारेला लाईट लागत नाही, लागते ती फक्त घरातल्या खोक्याला, आणि तीही मोटारसायकलच्या बॅटरीइतकीच. गाडीची बॅटरी काढून आणली आणि खोकं तिच्यावर जोडलं. पुण्याकडचं नेट माझ्या हातात नव्हतं. बोरीचं होतं.

मंगलचा फोन लागला, पण तिकडची सिस्टर आधी ऐकेना. मोबाईल आत आणलेला चालत नाही म्हणाली, आणि तिचंही बरोबर होतं. पण थोड्या वेळाने तीच बोलली, "अहो आई, हिला मी काय सांगतेय ते कळत नाहीये. ती नुसती माझा हात धरून ठेवतेय. तुम्ही सांगता का?" तिने मोबाईल मंगलच्या उशाशी उभा केला, नुसता चेहरा दिसेल असा.

पहिला तासभर घडवंचीवर भागलं. मग भामाबाईंना बसवेना. त्या भिंतीला टेकल्या तसे त्यांचे हात खाली सरकले आणि चित्रातून बाहेर पडायला लागले. मी मोबाईल उचलून हातात धरला, त्यांच्या समोर, बरोबर उंचीवर. आयुष्यभर खांबावर चढलो, त्या दिवशी खांब झालो. पडदा त्यांच्याकडे, पाठ माझ्याकडे. मला मंगल दिसत नव्हती, दिसायलाही नको होती. मला दिसत होते ते भामाबाईंचे हात आणि चेहरा. आणि ऐकू येत होती सिस्टर.

"आई, तिला सांगा, आता जोर लावायचा नाही."

तळहात आडवा.

"श्वास घे म्हणावं. लांब."

हात छातीपासून सावकाश पुढे.

असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मधे लाईट गेली. ती गेलेली मला पंखा थांबला तेव्हा कळली. भामाबाईंच्या हातांना कळलीही नाही. एकदा मोबाईलमधून मंगलचा आवाज आला. तो आवाज तिने स्वतः कधी ऐकलेला नव्हता, म्हणून त्याला आवर घालणंही तिला ठाऊक नव्हतं. भामाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुसू शकत नव्हतो, माझेही अडकलेले. शेजारीण दारात उभी होती, तिने पुढे होऊन आपल्या पदराने पुसलं.

"आता! आता सांगा जोर लाव म्हणून."

भामाबाईंनी दोन्ही तळहात पुढे करून हवा ढकलली. चिखलात रुतलेली गाडी ढकलावी तशी. पुन्हा. पुन्हा. तोंडाने काही नाही, नुसते हात. डावा पायही प्लास्टरमधल्या पायासारखा ताठ झाला होता. माझ्या मनात आपलं एकच, वरच्या कोपऱ्यात काड्या आहेत ना. पण पडदा तिकडे होता, मला काड्याही दिसत नव्हत्या. भामाबाईंचे हात थांबले नाहीत यावरून समजायचं की नेट आहे.

आणि मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, स्वच्छ. बोरीच्या त्या घरात ते असं घुमलं की बाहेर बांधलेल्या शेळ्यांनी माना वर केल्या. शेजारीण म्हणाली, "झालं गं बाई." सिस्टर म्हणाली, "मुलगा आहे, आई. छान आहे."

भामाबाईंचे हात मांडीवर पडले. क्षणभरच. मग त्या एकदम पुढे वाकल्या, मोबाईलमध्ये नीट बघू लागल्या. तिकडे मंगल काहीतरी विचारत असणार. मी हळूच विचारलं, "काय म्हणती?"

"इचारायली, त्याला आवाज हाय का म्हणून." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "त्वांड उघडलेलं दिसायलंय तिला. रडायलाय का नुसतं त्वांड वासलंय ते कळंना तिला."

भामाबाईंनी स्वतःचा तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि बोटं थरथरवली. मंगल तान्ही होती तेव्हा त्या तिचा हात असाच आपल्या छातीवर ठेवून अंगाई म्हणायच्या, हे त्यांनी मला मागाहून सांगितलं. छातीवरून त्यांनी तोच हात पुढे केला, मोबाईलकडे, पुण्याकडे. ठेव. त्याच्या छातीवर ठेव. मला कुणी ही खूण शिकवली नव्हती, पण ती कळली.

सिस्टरलाही कळली असावी. "थांबा हं, देते तिच्याजवळ," असं ती म्हणाल्याचं ऐकू आलं. रडणं एकदम जवळ आलं, मोठं झालं. मग त्या रडण्यात दुसरा एक आवाज मिसळला, मघाचाच, पण आता हसण्याचा.

"कळलं तिला," भामाबाई म्हणाल्या. "आयकायली हातानं."

तिकडे पोर रडतच होतं. माझे दोन्ही हात खांद्यापासून बधिर झाले होते, तरी मी मोबाईल खाली घेतला नाही.